संपलं, सरलं, सुटलं, मिटलं: इंग्रजीत कशाला काय म्हणायचं?

सांजवात

नमस्कार मंडळी. मी भोसरीतल्या एका छोट्या कारखान्यात परदेशी गिऱ्हाइकांचा पत्रव्यवहार बघते. गेल्या महिन्यात जर्मनीच्या एका ऑर्डरचा शेवटचा खोका ट्रकवर चढला आणि आमच्याकडे नव्याने लागलेल्या मुलीने गिऱ्हाइकाला मेल टाकली. तिला कळवायचं होतं, तुमची ऑर्डर पूर्ण झाली. तिने लिहिलं, 'युअर ऑर्डर हॅज बीन टर्मिनेटेड.' अर्ध्या तासात तिकडून फोन. खरेदी बघणारा गृहस्थ हबकून गेला होता. माल रद्द का केला, पैशांवरून काही झालं का, आमचं काय चुकलं, असं विचारत होता. मी समजूत काढली, दुसरी मेल गेली, प्रकरण मिटलं. पण ती पोरगी दिवसभर कोणाशी बोलली नाही. संध्याकाळी तिने मला मोबाइलवर शब्दकोश दाखवला. 'कम्प्लीट'समोर 'समाप्त करणे' आणि 'टर्मिनेट'समोरही 'समाप्त करणे'. मॅडम, मग माझं चुकलं कुठे?

तेव्हापासून हा विषय डोक्यातून जात नाही. इंग्रजीत लिहायला बसलो की आपण सगळ्या शेवटांना 'ओव्हर' नाहीतर 'फिनिश' लावतो. 'मिल्क इज फिनिश्ड', 'स्कूल गेट्स ओव्हर अ‍ॅट फाइव्ह', 'माय बॅलन्स इज ओव्हर'. आणि हीच आपण माणसं मराठीत किती नेमकी बोलतो बघा. शाळा सुटते. बाजार उठतो. पूर ओसरतो, विहीर आटते, ताप उतरतो. भांडण मिटतं, कर्ज फिटतं, मुदत भरते, वंश खुंटतो, उत्साह मावळतो. विहीर 'मिटली' किंवा भांडण 'आटलं' असं चार वर्षांचं पोरही म्हणणार नाही.

माझं म्हणणं असं आहे: इंग्रजी शब्द शोधण्याआधी आपलं खरं मराठी क्रियापद शोधावं. 'संपलं' नव्हे, नेमकं काय झालं ते सांगणारं. ते सापडलं की इंग्रजीतलं बरेचदा त्याच्या शेजारीच बसलेलं असतं. विहीर आटली, 'ड्राइड अप'. पूर ओसरला, 'सबसाइडेड'. भूल उतरली, 'वोअर ऑफ'. कंपनी बुडाली, 'वेन्ट अंडर'. वंश खुंटला, 'डाइड आउट'. त्या मुलीला मी आता हेच सांगते. तुम्हाला काय वाटतं? तुमच्या कामात कुठे अडतं?

खडूफळा

ताई, धागा मनापासून आवडला. मी तीस वर्षं माध्यमिक शाळेत इंग्रजी शिकवलं. तुमच्या म्हणण्याला माझ्याकडचा सगळ्यात भक्कम पुरावा देतो.

'स्टॉप'च्या पुढे 'टू' आला तर एक अर्थ आणि 'आयएनजी' आला तर दुसरा. 'ही स्टॉप्ड टू टॉक' आणि 'ही स्टॉप्ड टॉकिंग'. दरवर्षी मी फळ्यावर नियम लिहायचो, दरवर्षी परीक्षेत निम्मा वर्ग उलटं लिहायचा. एके वर्षी सांगलीजवळच्या गावातला एक मुलगा बाकावरून उठून म्हणाला, सर, हे तर आपलंच आहे. पहिला 'बोलायला थांबला' आणि दुसरा 'बोलायचा थांबला'. मी खडू खाली ठेवला. 'ला' आणि 'चा', एवढाच फरक आणि अर्थ बरोबर उलटा. त्या दिवसापासून नियम लिहिणं सोडून दिलं. पोरांना ही दोन वाक्यं म्हणायला लावायची, बस्स. पुन्हा कोणाचं चुकलेलं मला आठवत नाही.

तुम्ही दिलेल्या उदाहरणांत 'अप', 'ऑफ', 'आउट' आलेत, त्याबद्दलही सांगतो. मुलं ही जोडशेपटं पाठ करतात आणि विसरतात, कारण त्यांना ती अर्थहीन वाटतात. ती अर्थहीन नाहीत. आपण 'खा' म्हणतो आणि 'खाऊन टाक' म्हणतो, त्यात जो फरक आहे तो इंग्रजी 'इट' आणि 'इट अप'मध्ये आहे. 'टाक'मुळे ताटात काही उरत नाही, 'अप'मुळेही नाही. आपल्याकडे हे काम दुसरं क्रियापद करतं, त्यांच्याकडे हा छोटा शब्द करतो.

एकच 'डाय' घ्या. वारा पडला तर 'डाय डाउन', कारण जोर खाली आला. लांब जाणाऱ्या मिरवणुकीचा ताशा विरत गेला तर 'डाय अवे', कारण तो आपल्यापासून दूर गेला. एखादी प्रथा किंवा प्रजात नामशेष झाली तर 'डाय आउट', आत काही शिल्लक नाही. बागेतली झाडं एकामागून एक मेली तर 'डाय ऑफ', फांदीवरून एकेक पान गळावं तशी. हे एकदा डोळ्यांपुढे दिसलं की पाठ करावं लागत नाही.

जाता जाता, 'एन्ड' हा शब्द आणि आपला 'अंत' एकाच मुळातून आलेले आहेत, लांबची भावंडं. हे वर्गात सांगितलं की मुलांचे चेहरे उजळायचे.

माडबन

सांजवातताई, तुमची युक्ती चांगली आहे, पण ती कुठे फसते तेही लिहायला हवं. 'शाळा सुटली' हे आपलं नेमकं क्रियापद. त्यावरून कोणी 'स्कूल वॉज रिलीज्ड' लिहिलं तर? इंग्लंडात सुट्टी लागली की शाळा 'ब्रेक अप' होते. अमेरिकेत संध्याकाळी घंटा झाली की 'लेट आउट'. दोन्हींत 'सुटणे' नाही.

दुसरं म्हणजे कर्ता. घरातलं दूध संपलं की आपण दुधाबद्दल बोलतो: दूध संपलं. इंग्रजी माणूस स्वतःबद्दल बोलतो: 'वी हॅव रन आउट ऑफ मिल्क.' वाक्याचा मालकच बदलला. हे मराठी क्रियापदावरून कसं कळणार?

सांजवात

माडबन, तुमचं म्हणणं मान्य. 'रन आउट ऑफ'चं मला सुचलंच नव्हतं आणि कारखान्यात ते रोज लागतं. पत्रा संपला, वंगण संपलं. आमच्याकडे सर्रास 'शीट इज ओव्हर' लिहितात. उद्याच सांगते. क्रियापद शोधून झालं की 'हे कोणाकडून बघायचं, वस्तूकडून की माणसाकडून' हा दुसरा प्रश्न विचारायचा, असं आता माझ्या वहीत लिहून ठेवलंय.

कोरापान

मी वकिली करते. त्या मुलीची जी चूक झाली ती आमच्याकडे महागात पडते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

करार 'एक्स्पायर' होतो म्हणजे ठरलेली मुदत भरली. कोणी काही केलं नाही, तारीख उलटली. करार 'टर्मिनेट' केला जातो म्हणजे मुदत भरायच्या आधी कोणीतरी तो मोडला. म्हणून करारांत 'मुदत संपल्यावर किंवा तत्पूर्वी मोडल्यावर' अशा अर्थाची दोन वेगळी क्रियापदं शेजारी शेजारी येतात. भाड्याच्या घराचा आपला नेहमीचा अकरा महिन्यांचा लिव्ह अ‍ॅण्ड लायसन्स करार घ्या. अकरावा महिना भरला तर तो 'एक्स्पायर' झाला. पाचव्या महिन्यात मालकाने नोटीस दिली तर 'टर्मिनेट'. मराठी कागदांवर दोन्हींना 'संपुष्टात आला' लिहितात, तिथेच घोळ होतो. बोलताना आपण बरोबर बोलतो: मुदत 'भरली', करार 'मोडला'.

तिसरं 'लॅप्स'. मूळ लॅटिन अर्थ घसरणे, निसटणे. हक्क होता, वेळेत वापरला नाही किंवा हप्ता भरला नाही, म्हणून हातातून निसटला. विम्याची पॉलिसी 'लॅप्स' होते ती अशी. वर्षअखेरीला न घेतलेली किरकोळ रजा अशीच जाते. सरकारी मराठीत याला 'व्यपगत' म्हणतात, पण बँकेत कोणी तसं बोललेलं मी ऐकलेलं नाही.

संसदेतली तीन क्रियापदं वर्तमानपत्रांत नेहमी गोंधळतात. दिवसाचं कामकाज 'अ‍ॅडजर्न' होतं, म्हणजे तहकूब. हा शब्द जुन्या फ्रेंचमधून आलाय, त्याच्या पोटात 'दिवस' आहे: नेमलेल्या दिवसापर्यंत पुढे ढकललं. अधिवेशन 'प्रोरोग' होतं, म्हणजे सत्रसमाप्ती. आणि लोकसभा 'डिझॉल्व' होते, म्हणजे विसर्जित. राज्यसभा कधीच विसर्जित होत नाही, तिचे सदस्य आळीपाळीने निवृत्त होतात. हा शब्दांचा नुसता कीस नव्हे. सत्रसमाप्तीने प्रलंबित विधेयक मरत नाही. लोकसभा विसर्जित झाली तर तिथे प्रलंबित असलेलं विधेयक 'लॅप्स' होतं. राज्यघटनेच्या १०७व्या अनुच्छेदात हे स्पष्ट लिहिलेलं आहे.

कीबोर्डकर

कोरापान, फार छान समजावलंत. आमच्या संगणकाच्या क्षेत्रातला एक भेद यात जोडतो.

लिनक्सवर चालू असलेला प्रोग्रॅम थांबवायचा तर त्याला संकेत पाठवतात. १५ क्रमांकाचा 'सिगटर्म', ९ क्रमांकाचा 'सिगकिल'. टर्म आला की प्रोग्रॅमला संधी असते. उघड्या फायली मिटायच्या, अर्धवट काम नोंदवून ठेवायचं, मग जायचं. किल आला की संधी नाही, आहे त्या जागी खलास. नव्या मुलांना मी मराठीत सांगतो: पंधरा म्हणजे 'आवरतं घे', नऊ म्हणजे 'उठ आणि चालता हो'. घाईत नऊ मारल्यामुळे अर्धवट लिहिलेली फाइल खराब झालेली मी स्वतः रात्री दोन वाजता निस्तरली आहे.

'आवरतं घेणे' हा शब्द मला फार आवडतो. 'वाइंड अप' आणि 'रॅप अप' दोन्ही त्यात मावतात. वक्त्याला चिठ्ठी पाठवतो तीही तीच.

रात्रपाळी

मी नर्स आहे, गेली नऊ वर्षं बर्मिंगहॅमला. 'एक्स्पायर'बद्दल लिहायचं आहे.

आपल्याकडे रुग्णालयात सगळे 'पेशंट एक्स्पायर झाला' म्हणतात. डॉक्टर म्हणतात, वॉर्डबॉय म्हणतो, नातेवाईकही म्हणतात. मला तो आदराचा शब्द वाटायचा. इथे आल्यावर दुसऱ्याच महिन्यात पहाटे एका बाबांचे प्राण गेले आणि त्यांच्या मुलीला मी फोन केला. 'युअर फादर हॅज एक्स्पायर्ड' म्हणाले. पलीकडे शांतता. मग ती म्हणाली, 'सॉरी, व्हॉट हॅज एक्स्पायर्ड?' तिला वाटलं मी कसल्यातरी कागदाबद्दल, पासबद्दल बोलतेय. माझ्या वरिष्ठ सिस्टरने हळूच फोन माझ्या हातातून घेतला आणि म्हणाली, 'आय अ‍ॅम सो सॉरी. युअर डॅड हॅज डाइड.' ती मुलगी रडायला लागली तेव्हा मला कळलं की तिला आत्ता समजलं.

नंतरच्या प्रशिक्षणात हेच शिकवलं. 'डाइड' म्हणा. 'वी लॉस्ट हिम' म्हटलं तर घाबरलेल्या माणसाला खरंच वाटू शकतं की रुग्ण कुठे सापडत नाहीये. कठोर वाटतो तो शब्द, पण त्या क्षणी दया त्यातच असते. मी तेव्हापासून तोच वापरते, दर वेळी एक श्वास घेऊन.

खरं तर 'एक्स्पायर'चा लॅटिन अर्थ श्वास बाहेर सोडणे. आपला 'प्राण सोडला' अगदी तसाच. इथे मात्र तो शब्द आता औषधाच्या बाटलीवर आणि बसच्या पासवर उरलाय.

माडबन

रात्रपाळी, वाचून गलबलून आलं. आमच्याकडे माझी आजी 'संपलं' हा शब्दच घरात उच्चारू द्यायची नाही. बांगडी फुटली तर 'वाढली'. दिवा विझला म्हणायचं नाही, 'शांत झाला'. निघताना 'जातो' नाही, 'येतो'. शेवटाला सरळ नाव न देण्याची रीत सगळ्याच भाषांत असावी. पण तुमच्या वॉर्डात ती रीत बाजूला ठेवावी लागते, हे मला आज पहिल्यांदा कळलं.

पाणंद

मी शेतकरी, सोलापूरकडचा. पोरगा कृषी पदवीला आहे, त्याचे इंग्रजी अहवाल बघतो. पावसाचं सांगा की. पाऊस 'उघडला', पाऊस 'ओसरला', पाऊस 'गेला' हे आमच्यासाठी तीन वेगळे प्रसंग आहेत. पोराने तिन्हींना 'रेन स्टॉप्ड' लिहिलंय.

खडूफळा

पाणंददादा, तुमचं बरोबर आहे, तिन्ही वेगळे. जोर कमी झाला, ओसरला, तर 'ईझ्ड ऑफ' किंवा 'डाइड डाउन'. मधे उघडीप मिळाली तर 'लेट अप', आणि आभाळ मोकळं झालं तर 'क्लिअर्ड अप'. हंगामाचा गेला, तर हवामान खात्याचा शब्द 'विड्रॉ' आहे. मान्सून 'विड्रॉ' होतो, म्हणजे माघारी फिरतो. पश्चिम राजस्थानातून तो परतायला लागण्याची सर्वसाधारण तारीख आता १७ सप्टेंबर धरतात. आपला 'परतीचा पाऊस' त्याच वाटेवरचा. पोराला सांगा, अहवालात तिन्ही वेगवेगळे लिही.

काळाचौकी

सगळं वाचलं. मला एका क्रियापदासाठी मदत हवी आहे.

माझे वडील साचेवाले होते, म्हणजे मुंबईच्या कापड गिरणीत मागावर काम करायचे. आता ऐंशी ओलांडली. त्यांच्या आठवणी मी उतरवून घेतोय, इंग्रजीत, कारण बहिणीची मुलं टोरांटोला असतात, मराठी बोलतात पण वाचता येत नाही. १८ जानेवारी १९८२ला संप सुरू झाला. डॉ. दत्ता सामंत, अडीच लाखांच्या आसपास कामगार, हे सगळं लिहून झालं. 'स्ट्राइक बिगॅन' लिहायला काहीच अडलं नाही. 'संप संपला' पाशी आठ दिवस अडलोय.

कोरापान

'कॉल्ड ऑफ' म्हणजे मागे घेतला. पण तो संप रीतसर कधी मागे घेतलाच गेला नाही, त्यामुळे ते चालणार नाही. 'सेटल्ड' म्हणजे मिटला, तडजोड झाली. तीही झाली नाही.

सांजवात

'पीटर्ड आउट' बघितलंत का? अमेरिकेतल्या खाणकामगारांचा शब्द आहे, एकोणिसाव्या शतकातला. खडकातली धातूची शीर बारीक बारीक होत नाहीशी होते, ते. वर्षभरानंतर हळूहळू लोक कामावर परतले, त्याला जवळ जाईल असं वाटतं.

काळाचौकी

ताई, चित्र बरोबर आहे, आणि त्यासाठीच मी तो शब्द दोन दिवस लिहून ठेवला होता. पण वाचताना खटकत राहिलं. शीर आपोआप बारीक होते. आमच्या चाळीतली माणसं आपोआप गेली नाहीत. खोलीतली भांडी गहाण पडली, कोणी बायको-पोरांना गावी धाडलं, कोणी वडापावची गाडी लावली, आणि जो परत कामावर गेला तो पहाटे, कोणाच्या नजरेस पडू नये म्हणून मागच्या जिन्याने गेला. 'फिझल्ड आउट' तर मला लिहवतच नाही. न उडालेल्या फटाक्याचा शब्द आहे तो.

खडूफळा

दादा, वडिलांना विचारलंत का? ते स्वतः काय म्हणतात?

काळाचौकी

सर, काल रात्री जेवताना विचारलं. बाबा, संप कधी संपला? घास हातात धरून थोडा वेळ बघत राहिले. म्हणाले, "संपला असं आम्हाला कोणी सांगितलंच नाही."

मी ताटावरून उठून लगेच लिहून घेतलं. आता परिच्छेद असा आहे: 'द स्ट्राइक वॉज नेव्हर कॉल्ड ऑफ. नोबडी टोल्ड देम इट वॉज ओव्हर. वन बाय वन, सम ऑफ द मेन वेन्ट बॅक. माय फादर डिड नॉट.' भाचीला फोनवर वाचून दाखवला. तिने विचारलं, आजोबा का नाही गेले? म्हणजे तिला पोचलं.

रात्रपाळी

तुमचा 'नोबडी टोल्ड देम' वाचून मी जागची हलले नाही बराच वेळ. दादा, तो 'ओव्हर' असाच राहू द्या. कोणी कितीही सुचवलं तरी तिथे बदलू नका.

सांजवात

मीही हेच म्हणणार होते. सुरुवातीला मी 'ओव्हर'ला नावं ठेवली. इथे तोच हवा, कारण तुमच्या बाबांनी वापरलेलं क्रियापद 'संपला' हेच आहे, त्याहून नेमकं दुसरं नाही. पुढचं प्रकरण कशावर?

काळाचौकी

गिरणी बंद झाली त्यावर. मी आधी 'द मिल क्लोज्ड डाउन' लिहिलं होतं, बंद पडली या अर्थाने. बाबांना मराठीत सांगितलं तर त्यांनी लगेच अडवलं. "पडली नाही. केली." तेव्हा 'दे क्लोज्ड द मिल' असं सुरू करतोय. 'दे' म्हणजे कोण, ते पुढच्या दहा पानांत येईल.